बिनघर्षणाची कप्पी

कप्पीवरून गेलेल्या दोरीला दोन ठोकळे टांगले की जमना दोन्ही बाजूंना वेगवेगळा ताण लिहायची आणि गणित हमखास चुकायचं. "अगं, कप्पीला घर्षण नाही असं दिलंय ना? मग ताण सारखाच!" सर वैतागले. "सर, अशी कप्पी नसतेच. उधव्याला आमच्या विहिरीवर येऊन बघा. ओढून ओढून आईचे हात सोलतात." रविवारी सर खरंच आले. त्यांनी एक घागर ओढली, लाल झालेले तळहात बघितले आणि निघून गेले. पुढच्या रविवारी डहाणूहून बेअरिंगची नवी कप्पी आणून त्यांनी स्वतः बसवली. आईने दोरी ओढली. "घागर भरलीच नाही वाटतं," म्हणत ती वाकली. घागर काठोकाठ भरून वर येत होती. पहिलं पाणी तिने सरांच्या ग्रीसने माखलेल्या हातांवर ओतलं. घरी जाऊन जमनाने दोन्ही बाजूंना ताण सारखाच लिहिला.