हाकेला ओ

“अरे, हाकतोस की झोपलास?” हौद्यातून सरदार कडाडले.

हत्तीच्या मानेवर बसलेला इब्राम माहूत घसा फोडून ओरडतच होता, “फत्तेगज, चल! पुढं हो, फत्तेगज!” पण ऐन लढाईत, तोफांच्या धुरात, फत्तेगज आपला ढिम्म! जुन्या एका स्वारीत याच शत्रूकडून हिसकावून आणलेलं हे धूड. नाव सरदारांनीच हौसेनं ठेवलेलं. इब्रामनं त्याला ऊस चारला, नदीवर नेऊन घासून न्हाऊ घातलं, आजारपणात त्याच्या पायाशी पथारी टाकली. पण पठ्ठ्या हाकेला ओ देईल तर शपथ! दर वेळी अंकुश टोचावा लागे, आणि दर वेळी इब्रामचाच जीव तुटे.

तेवढ्यात समोरच्या फौजेतून एक म्हातारा माहूत हात पसरून पुढं धावला. “चिमण्या! माझ्या चिमण्या!”

हत्तीनं सोंड उंचावली आणि सरदारांसकट तो थेट शत्रूच्या फौजेत शिरला. म्हाताऱ्यापुढं गुडघे टेकून त्यानं सोंड त्याच्या गळ्यात टाकली. चारी बाजूंनी भाले रोखले गेले. दातओठ खात सरदारांनी तलवार खाली ठेवली.

इब्राम खाली उतरला. हरल्याचं, कैद झाल्याचं त्याला काहीच वाटत नव्हतं. हातातला अंकुश आपटून, हत्तीचा कान धरून तो रडकुंडीला येत ओरडला, “गाढवा, एवढं एक नाव मला सांगायला काय झालं होतं तुला?”