दोनशे बारावं मत

ईरप्पाच्या ताटातली गव्हाची हुग्गी गार झाली. त्याने ती दोनदा कालवली आणि तशीच ठेवली. मांडीखालची कापडी पिशवी तो सारखी चाचपत होता.

"खा की मामा," शेजारचा रुद्रप्पा म्हणाला. "का आमची हुग्गी गोड लागंना?"

ईरप्पा नुसताच हसला.

महेश्वरअण्णा सरपंच झाले, म्हणून मठाच्या अंगणात भर दुपारी पंगत बसली होती. गाव अक्कलकोट रोडला, एमआयडीसीच्या जरा पुढे. निम्मी माणसं टॉवेलच्या कारखान्यातली पाळी बुडवून आली होती. अण्णा स्वतः बादली घेऊन सगळ्यांना वाढत होते. शेवटी बसले तेव्हा त्यांचं ताट रिकामंच होतं.

"अण्णा, बादली म्होरं हाय. घ्या की," रुद्रप्पा म्हणाला.

"आपल्या ताटात आपल्या हातानं वाढून घेऊ नये रे."

"सरपंच हाय का नवी सून!" रुद्रप्पा म्हणाला, आणि पंगत हसली. कुणीतरी उठून अण्णांना वाढलं.

ईरप्पाला हसू आलं नाही. आज तो विषय निघणार, हे त्याला ठाऊक होतं. सकाळी बायकोने, गुरम्माने, बजावलं होतं, "विचारल्याबिगर तोंड उघडू नका." पण पिशवी घेऊनच तो घराबाहेर पडला होता.

निवडणुकीत अण्णांच्या छत्रीला आणि आधीचा सरपंच श्रीमंत याच्या कपबशीला सारखीच मतं पडली. शेवटी चिठ्ठी काढावी लागली, आणि देवाने अण्णांना तारलं. पण शाळेतल्या तीन नंबरच्या खोलीत फक्त अण्णांच्या मठगल्लीचं मतदान होतं. दोनशे बारा मतं झाली. छत्रीला दोनशे अकरा, कपबशीला एक.

मठगल्लीतून एक मत! मतदानाच्या सकाळी याच अंगणात सगळ्यांनी शपथेचा बेल उचलला होता. अण्णा परात घेऊन एकेकापुढे उभे राहत होते. आपण परातीतलं पान उचलायचं, ग्रामदैवत सिद्धरामाचं नाव घ्यायचं आणि 'छत्री' म्हणायचं. ईरप्पाही म्हणाला होता.

पण त्याच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन तेव्हा आठच दिवस झाले होते. मशीनवर छत्रीच्या खालीच कपबशी. त्याने बोट टेकवलं, मशीन वाजलं. दिवा कुठला लागला, ते त्याला नीट दिसलंच नाही. त्या दिवसापासून तो स्वतःच्याच बोटाकडे बघत होता. बोट सरकलं असेल का?

हात धुऊन सगळे पुन्हा बसले. रुद्रप्पा मात्र उभाच राहिला.

"अण्णा, पाच वर्सं आमी त्या श्रीमंतच्या शिव्या खाल्ल्या. आता तो चौकात म्हणतोय, तुमचा सरपंच चिठ्ठीतला. आमाला लई कायबी नगं. पयला निकाल द्या."

"कसला?"

"बेल खोटा करनाऱ्याचा. जत्रेला पंधरा दिवस हायत. त्याच्या घरचा मान काढून घ्यायचा."

त्याने नाव घेतलं नाही. तरी अंगणातल्या सगळ्या माना ईरप्पाकडे वळल्या. जत्रेतली देवाची उंच काठी उचलायचा मान चार पिढ्या त्याच्या घरात होता. आता काठी त्याचा मुलगा बसवराज उचलायचा. पण काठी पेलायचा पट्टा त्याच्या कमरेला ईरप्पाच बांधायचा. आणि त्याची सून श्रीमंतच्या कारखान्यात टॉवेलला शिलाई मारायला जायची.

"जाऊ द्या," अण्णा म्हणाले. "एक मत ते. आपण निवडून आलो ना?"

"ह्येच! ह्येच तुमचं!" रुद्रप्पाचा आवाज चढला. "जाऊ द्या, बघू, समजुतीनं घेऊ. ह्ये ऐकायला दारोदार फिरलो व्हय आमी? तिकडं श्रीमंतनं निवडून येताच नळ तोडले आमचे. तुमी निदान एक मान तरी काढा!"

"व्हय, व्हय," मागून आवाज आले.

"मत कुणाला दिलं, हे विचारायचं नसतं, रुद्रप्पा."

"बेल उचलल्यावर विचारायचं असतं!"

अण्णांनी मान खाली घातली. अंगणात कुजबुज वाढली. ईरप्पा एकदा उठला, बसला, पुन्हा उठला. त्याने पिशवीतून पट्टा काढला. जुनं चामडं, कडेला आजाने मारलेले टाके. तो चालत गेला आणि त्याने पट्टा अण्णांच्या पायाशी ठेवला.

"माझंच बोट चुकलं असंल, अण्णा. डोळ्याला दिसलं न्हाय. मुद्दाम न्हाय केलं. सिद्धरामाची आन."

"बघा!" रुद्रप्पा म्हणाला. "कबूल केलं बघा!"

"मामा, दिवा कुठं लागला, ते दिसलं का तुम्हाला?" अण्णांनी विचारलं.

"न्हाय."

"मग कबूल काय करताय?"

"माझ्याबिगर कोन चुकंल, अण्णा? बाकीच्यांचे डोळे चांगले हायत."

अण्णा उठले. त्यांनी पट्टा उचलला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि ईरप्पाच्या खांद्यावर ठेवला.

"मामांचं मत छत्रीलाच पडलंय. काठी बसवराजच उचलेल."

"तुमाला काय म्हाईत?" रुद्रप्पा पुढे आला. "उगा पांघरून घालू नका. मग दुसरा कोन, त्येचं नाव सांगा. सगळ्या गल्लीनं बेल उचललाय!"

महेश्वरअण्णांनी रिकाम्या बादलीकडे पाहिलं.

"गल्लीनं उचलला, रुद्रप्पा. माझ्या हातात परात होती," ते म्हणाले. "आपल्या ताटात आपल्याच हातानं कसं वाढून घ्यायचं?"