सोसायटीचा पहारा

"लिही, आम्ही आता या गावचेच झालो," गळ्यात वीणा घेऊन देवळात उभे असलेले करंदीकर म्हणाले.

समोर कॉलेजची मुलगी होती. शहर सोडून इथे राहायला आलेले, पण नोकरीला रोज शहरातच जाणारे लोक गावात कितपत मिसळले, याची ती पाहणी करत होती. सप्ताहात वीणा धरून उभं राहायचा एक पहारा यंदा पहिल्यांदाच या लोकांच्या नव्या सोसायटीला मिळाला होता. गाव राजी नव्हतं, पण गावातल्या जुन्या वारकरी तात्यांनी शब्द टाकला होता.

"काका, इथे सही कराल?"

"त्यात काय!" करंदीकरांनी वीणा उतरवून खांबाशी ठेवली आणि पेन घेतलं.

टाळ थांबले. सात दिवस जमिनीला लागू द्यायची नसते ती वीणा फरशीवर होती. आधीचा पहारा उरकून नुकतेच बसलेले तात्या सुजल्या पायांनी धावले आणि त्यांनी ती उचलून गळ्यात घातली.

"गावचेच झालेत म्हणं!" बायकांतून कुणीतरी बोललं.

"गप गं. मीच सांगायला पाहिजे होतं," तात्या म्हणाले. "या साहेब, विठ्ठल म्हणा आन् घ्या."

करंदीकरांनी खालमानेनं वीणा गळ्यात घेतली. देणाऱ्यानं घेणाऱ्याच्या पाया पडायचं, या रिवाजानं तात्या वाकले. करंदीकरांनी झटकन पाय मागे ओढले.

"राहू द्या," तात्या खालूनच म्हणाले, "नमस्कार वीणेला आहे."