विहिरीतलं तोंड

“चारचौघांत डोळ्यांत पाणी दिसता कामा नये.” सासूबाईंची ही शिकवण वसुधानं महिनाभर उपासासारखी पाळली. धाकटी बहीण क्षमा वारली, तरी ती हळदीकुंकवाला हसली. आज मरोळला, मैत्रीण सेराफिनाच्या लेकीच्या लग्नाचं पाणी रीतीप्रमाणे वाजतगाजत विहिरीवरून भरायलाही ती हसतच आली.

बँड वाजत होता. सगळ्या बायका विहिरीवर वाकल्या. खाली सगळ्यांची तोंडं हसत होती. वसुधाचं तेवढं रडत होतं.

तिनं गाल चाचपला. कोरडा ठणठणीत.

“ती तूच हाय ना गो?” सेराफिना कुजबुजली. “आयशीकडं गेलीस का एकदा तरी? दोघी मिळून रडा की! लग्न उद्या हाय, पळून जात नाय.”

“आत्ताच जाते.”

वसुधा मागे सरली. पाण्यातलं तोंड मात्र तिथंच राहिलं, पदरानं डोळे पुसत.

ती मुलुंडला, आईकडे निघाली.