चेअरमनसाहेबांची गूळतुला

साखर कारखान्याचे अण्णाराव चेअरमन एका पारड्यात मांडी घालून बसले आणि दुसऱ्या पारड्यात गुळाच्या ढेपा चढू लागल्या. साहेबांची एकसष्टी होती. मंचावर उमाशंकर गिटार जुळवत होता; शेजारी त्याचा संबळवाला.

"तुझा देव आला बग," चौथ्या रांगेत सिदूनं बलभीमला कोपरानं ढोसलं. "चेअरमनच्या वाढदिवसाला."

"चेअरमनच्या तोंडावर काट्याचं गानं म्हनायला आलेत ते," बलभीम म्हणाला. "थांब जरा."

गिटारीला गोंधळाचा संबळ जोडणारा हा माणूस वीस वर्षं गाजत होता. स्वतः लिहायचा, स्वतः गायचा. त्याच्यामुळं तेरपासून परंड्यापर्यंत निम्म्या पोरांनी गिटारी घेतल्या आणि उरलेल्यांनी शेजारधर्म म्हणून त्या सोसल्या. बलभीमनं गिटार घेतली नाही. त्यानं एक गाणं घेतलं. कारखान्याच्या काट्यावर ऊस कमी भरतो म्हणून लोक गेटवर जमले, तेव्हा काट्यावरच्याच या कारकुनानं ते खणखणीत म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून त्याला गाणी म्हणायला भरपूर मोकळा वेळ मिळाला.

आज तेच गाणं व्हावं म्हणून त्यानं मंचावर फर्माईशीची चिठ्ठी धाडली होती. उमाशंकरनं ती वाचली आणि हसला.

"काट्याचं गाणं मागितलंय. अहो, मागायचं काय त्यात? आज त्याचाच तर मुहूर्त आहे."

बलभीम ताठ बसला. संबळ कडाडला.

*गाडी तोलली, मोळी तोलली,*
*तोलणाऱ्याला तोलतंय कोन?*

एक शब्द बदलला नव्हता. आवाज तर पूर्वीपेक्षा धारदार लागला होता. बलभीमनं सिदूकडं बघितलं. सिदूनं मान खाली घातली.

तेवढ्यात उमाशंकरनं माईक लोकांकडं फिरवला. "कोन?"

"आमी," मांडव गरजला, आणि आणखी एक ढेप पारड्यात पडली.

"कोन?"

"आमी."

आणखी एक ढेप. अण्णाराव बसल्या जागी डोलू लागले, तशा तराजूच्या साखळ्या करकरल्या. दुसरं कडवं तर साहेबांनी डोळे मिटून सोबत म्हटलं. त्यांना पाठ होतं. डोळे उघडले ते थेट चौथ्या रांगेवर.

"बलभीम न्हाय का तो? तिकडं कशाला बसलास? ये की वर." मग उमाशंकरकडं वळून ते कौतुकानं म्हणाले, "तुमचं हे गानं आमी पहिल्यांदा ह्याच्याच तोंडून ऐकलं बरं का. तवाच ह्याला काढला."

मांडव हसला. उमाशंकरही हसला.

बलभीम वर गेला. इतक्या जवळून त्यानं उमाशंकरला कधी पाहिलं नव्हतं. "गेटवर म्हनलं होतं म्या," तो हळूच म्हणाला. "तुमचं हाय म्हनून म्हनलं."

उमाशंकरनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि माईक तोंडाजवळ नेला. "रसिकांनी आपल्या गाण्यावर फार प्रेम केलं. शेवटची ढेप यांच्याच हातून होऊ द्या."

कुणीतरी ढेप बलभीमच्या हातांत दिली. उन्हानं ती पाघळली होती. सगळे थांबले होते.

"काटा बघून घे बाबा," अण्णाराव पारड्यातून म्हणाले. "मागनं म्हनशील, मारला."

बलभीमनं ढेप ठेवली. साहेब अलगद वर उचलले गेले आणि दोन्ही पारडी सरळ रेषेत थांबली. टाळ्यांचा कडकडाट झाला. काय करावं ते न सुचून बलभीमनंही एक टाळी वाजवली. गुळानं तळवे एकमेकांना चिकटले आणि छातीपाशी तसेच राहिले.

पारड्यातून साहेबांनी त्याला उलट नमस्कार केला.