वाट देणारे

नेव्हिलने फोनवर बहिणीला खोटंखोटं खोकून दाखवलं होतं. तापात आईच्या अंत्यविधीला कसं यायचं? समुद्रकाठच्या हॉटेलचं बुकिंग मात्र त्याने रद्द केलं नव्हतं.

इंग्लंडमधल्या डॉर्सेटच्या अरुंद रस्त्यावर समोरून आलेला ट्रॅक्टर झुडपांच्या कुंपणाला खेटून थांबला. नेव्हिलने आभाराचा हात वर केला. ट्रॅक्टरवाल्याने टोपी काढून छातीशी धरली आणि मान खाली घातली.

"लेकाच्याने टोपी काढली, जशी काही शववाहिनीच चाललीय!"

"तुझं ड्रायव्हिंग बघून काढली असेल," बायको थेल्मा म्हणाली.

त्यानंतर समोरून आलेली मोटारही थांबली. आतली बाई मान खाली घालून बसली होती. जुन्या चर्चपाशी पोस्टमन सायकलवरून उतरला आणि टोपी हातात घेऊन उभा राहिला. थेल्माची थट्टा थांबली. आत्ता तिकडे आईला उचलत असतील, हा विचार नेव्हिलने पुन्हा झटकला.

टेकडी संपली, खाली समुद्र चमकला. त्याने गाडी दामटली आणि आरशात पाहिलं. मागे काळ्या मोटारींची रांग दिवे लावून अगदी संथ येत होती, तरी अंतर तसूभरही वाढत नव्हतं.

थेल्माने मागच्या सीटकडे वळून पाहिलं. मग त्याच्या हातावर हात ठेवला.

"हळू चालव रे," ती कुजबुजली. "आई घाबरल्यात."