जुईला आलेलं फूल

सांगितलं तर कुणाला पटायचं नाही, पण त्या काळी मिरजेत बाईच्या अंगातलं गुपित डॉक्टरच्या आधी कुंडीतल्या जुईला कळायचं. दंडात बसवलेली, पाळणा लांबवणारी औषधाची कांडी काढली, की घरोघरी ही जुई आणायचे. बाईच्या श्वासातून औषधाचा शेवटचा अंश गेला, की ती फुलायची. तोवर मुलाची घाई करायची नाही, असा दंडक.

ऊर्वीची जुई चार महिने ढिम्म होती. फुलेल कशी? ऊर्वीनं कांडी काढलीच नव्हती. भीती वाटली, म्हणून ती दवाखान्याच्या दारातूनच परतली होती आणि घरी मात्र 'काढली' म्हणून मोकळी झाली होती. इकडे तिच्या नवऱ्यानं, शर्विलनं, तंबाखू सोडली. बायकोसाठी तो रोज पालक निवडत बसायचा, आणि ती भाजी खाताना तिला रोज आपलं खोटं आठवायचं.

शेवटी एका संध्याकाळी तिनं बाजारातून जुईचं ताजं फूल आणलं आणि गुपचूप दोऱ्यानं वेलीला बांधलं.

शर्विल तर नाचलाच. "आई, लवकर ये! जुई फुलली!"

सासूबाई चष्मा सावरत आल्या. त्यांनी चाळीस वर्षं देवळाबाहेर गजरे विकले होते.

"कधी उमललं गं?"

"आत्ताच, आई," ऊर्वी म्हणाली, पण तिला मान वर करवेना.

सासूबाईंनी बोटानं फूल हलकेच उचलून देठाशी पाहिलं.

"पोरी, ही गाठ मीच तुला शिकवली. वेल कधीपासून गजरे बांधायला लागली?"